गेटवरचा भिकाजी आणि वत्सलाचं रक्त

वत्सला माझ्या दारात एकटी उभी होती. हातात काठी नाही, जोडीला कोणी नाही, पदर खांद्यावरून घसरलेला. तिच्या अंगावरून वारं गेल्यापासून ती एकटी कधी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तिच्या घरापासून माझ्या घरापर्यंत एक अंगण आणि पायऱ्या. त्या ती कशा चढली ते मला अजून कळलेलं नाही. तोंड उघडत होतं आणि शब्द येत नव्हता.

मला वाटलं, हिलाच परत झटका आला. मी तिला धरून खाली बसवायला गेले तर तिने मला ढकललं. उजव्या हाताने ढकललं. त्या हातात चमचा धड राहत नव्हता. मग मागे वळून स्वतःच्या घराकडे हात करून म्हणाली, "त्यो. त्यो. त्यो."

मी गेले. भिकाजी मागच्या दारी, कपडे धुवायच्या दगडापाशी आडवा पडला होता. बादली उपडी झालेली, वत्सलाचं लुगडं अर्धं पिळून तसंच राहिलेलं. तोंड एका बाजूला ओढलं होतं. हेच तोंड त्याने काही महिन्यांपूर्वी मुद्दाम वाकडं करून दाखवलं होतं, तेव्हा मी त्याला शिवी दिली होती. आता ते खरोखर वाकडं झालं होतं.

मी म्हटलं, "भावजी, ऐकू येतंय का?"

त्याने एका डोळ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याला पाडलं.

तसंच बघायचा तो. सगळ्यांकडे.

भिकाजी रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत गेटवर होता. जन्म त्याच गेटवर गेला. मी वडखळकडची, मिठागरातली. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हापासून तो शेजारी. माझे यजमान त्याच्याच कंपनीत होते म्हणून मी त्याची वयनी. यजमान गेले, त्याची नोकरी संपली, तरी तो गेटवरच राहिला असं म्हणायला हरकत नाही. दारात खुर्ची टाकून बसायचा आणि आळीत येणाऱ्याला विचारायचा, "कोणाकडं? काय काम हाय?" गॅसवाल्याला तो ताणकाट्याला सिलिंडर लटकवून दाखवल्याशिवाय सोडत नसे. गॅसवाला आमच्या आळीत शेवटी यायचा, म्हणजे इथे वाद झाला तरी पुढची घरं खोळंबत नाहीत.

माझ्याकडे चहाला आला की कप हातात धरून बसायचा. मी एक घोट घेतला की मग तो घ्यायचा. पहिल्यांदा माझ्या ते लक्षात आलं तेव्हा मी म्हटलं, "भावजी, विष घालीन असं वाटतं का?"

"नाय हो वयनी. तुमच्यावर शंका नाय. दुधावर हाय."

कोळीण आली की तिची परीक्षा. जिताड्याचे कल्ले उघडून बघायचा, डोळा दाबायचा, नाक लावायचा, मग पाटीच्या तळाशी हात घालून खालचा मासा काढायचा. कोळीण एकदा वैतागून म्हणाली, "दादा, मासा घ्यायचाय का त्याची चौकशी करायचीय?"

"चौकशी झाली का घेतो."

"मग त्यालाच इचार. जबाब दील."

आळीतल्या बायका हसल्या. भिकाजी हसला नाही. त्याने खालचाच मासा घेतला.

"वरून एक, खालून एक," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते टँकरवरून आलेलं होतं. टँकर गेटवर आला की माल आत घ्यायच्या आधी त्याचा नमुना काढतात. एक बाटली वरच्या झाकणातून, एक खालच्या नळातून. त्यातही प्रत्येकाच्या दोन. एक लॅबमध्ये जाते, दुसरी सील करून ठेवतात. उद्या भांडण झालं तर ती दुसरी बाटली बोलते. भिकाजीला हे इतकं पटलं होतं की पेणहून पापडाचं पुडकं आलं तरी तो वरचा एक आणि तळाचा एक भाजून बघायचा.

लॅबवाल्यांवरही त्याचा भरवसा नव्हता. त्याच्या जुन्या साहेबाने त्याला एक युक्ती दाखवली होती, ती त्याने मनात धरून ठेवली. लॅब खरं सांगते का हे बघायचं असेल तर आधीच पास झालेल्या मालाची बाटली भरायची, तिच्यावर नव्या टँकरचा नंबर लावायचा आणि गुपचूप पाठवून द्यायची. उत्तर पास आलं तर लॅब जागी आहे. नापास आलं तर लॅब झोपली आहे. हे तो इतक्या वेळा सांगायचा की मला पाठ झालं होतं. पुढे जे झालं ते ह्या युक्तीमुळे झालं, म्हणून इथे लिहिलं.

त्याच्या संशयाने सगळ्यांत जास्त वत्सलाचं नुकसान झालं. तिचा भाऊ बाळा त्याच कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. एकदा स्टोअरमधला पितळी व्हॉल्व्ह गेला. संध्याकाळी शिफ्ट सुटली तेव्हा भिकाजीने गेटवर सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. बाळाची पाळी आली. पिशवीत डबा होता, डब्यात सुकटीची चटणी. ती चटणी सकाळी वत्सलानेच त्याला करून दिली होती आणि भिकाजीला ते ठाऊक होतं. तरी त्याने सगळ्यांसमोर डबा उघडला, चटणीत बोट फिरवून तळ बघितला आणि मग म्हणाला, "जा."

बाळा गेला. डबा तिथेच टाकून गेला. त्यानंतर कित्येक वर्षं भाऊबीजेला वत्सलाच्या दारात कोणी आलं नाही.

मी भिकाजीला तोंडावर विचारलं, "गावला का चोर?"

"गावला. दुसराच होता."

"मग लाज नाय वाटली?"

"मेव्हण्याचा डबा नाय उघडला तर दुसऱ्याचा कोणत्या तोंडानं उघडू, वयनी?"

वत्सला आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज जरा जास्त येत होता, एवढंच.

तर त्या वत्सलाच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीतच राहिला, उचलेना. बोलायला गेली तर तोंडातून नुसता घरघर आवाज. रोह्याच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि पेणला पाठवलं. पेणला मुलगा महेश राहतो, बाजारपेठेत दुकानात कामाला आहे, म्हणून तिथल्याच दवाखान्यात ठेवलं. मी सोबतीला गेले. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची गरज नाही.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. झटका आलेल्या माणसांच्या रक्तावर त्या काही अभ्यास करत होत्या. मी चौथी शिकलेली, मला कळलं तेवढं सांगते. मेंदूतल्या शिरा बंद झाल्या की मेंदूचे तंतू तुटतात. तुटले की त्यातलं काहीतरी रक्तात सांडतं. ते किती सांडलं ते मोजलं, तर माणूस पुढे कितपत सुधारेल ते आधीच सांगता येईल का, हे त्या बघत होत्या. एकदा दवाखान्यात रक्त घ्यायचं, मग काही आठवड्यांनी परत एकदा. भिकाजीला त्यांनी हे खुर्चीवर बसून, नीट समजावून सांगितलं.

भिकाजी म्हणाला, "म्हंजे ही चालंल का नाय, ते बाटलीत दिसणार?"

"दिसतं का, तेच आम्ही शिकतोय, काका. अंदाज आहे. नक्की काही नाही."

"अंदाजावर आम्ही टँकर आत सोडत नव्हतो."

"काकू टँकर नाहीत."

"व्हय. म्हणून तर जास्त बघाय पायजे." आणि लगेच, "बाटल्या दोन भरा. एक सील करून माझ्याकडं द्या."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "रक्त घरी नेऊन काय करणार काका? नासेल ते."

"नासू दे. पण माझ्याकडं असंल."

दिली नाही अर्थात. महेशने सही केली आणि रक्त गेलं. भिकाजी बाहेर बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "वयनी, ह्यांना आकडा कशाला पायजे ते मला कळतंय. आमच्याकडं टँकर नापास झाला का त्याच्याकडं कोण ढुंकून बघत नसे. उन्हात उभा. ड्रायव्हर झाडाखाली. कोण पाणी पण विचारीत नसे. हिचा आकडा वाईट आला का हिला पण तसंच उभं करतील."

मला हे वेडेपणाचं वाटलं नाही. मी मिठागरात वाढले आहे. ज्या आगरात मीठ धरत नाही असं एकदा ठरलं, त्याच्या बांधाला कोणी चिखल लावत नाही. मग ते आगर खरंच कामातून जातं.

आणि झालंही तसंच काहीतरी. महेश वाईट मुलगा नाही, पण तो त्या आकड्याची वाट बघत बसला. वत्सलाला घरी आणली तेव्हा तो सरळ म्हणाला, "बाबा, एकदा कळू दे. आई सुधारणार असंल तर ठीक. नाय तर तिला पेणला नेऊ. बाई ठेवू, खाट आणू. इकडचं घर बंद. तुम्ही पण तिकडंच."

"आन् खाटेवर ठेवून काय करायचं?"

"काय करणार? सांभाळायचं."

भिकाजी म्हणाला, "सांभाळायला ती काय सामान हाय?"

वत्सला भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं कळत होतं. बोलता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. तिची नजर एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे फिरत होती.

दुसऱ्या रक्ताचा दिवस आला. वत्सलाला पेणला नेण्यापेक्षा रोह्याच्या एका लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेणार होता, तिथून ते पुढे जाणार होतं. त्या दिवशी भिकाजी सकाळीच वत्सलाला धरून माझ्याकडे घेऊन आला. "जरा वेळ तुमच्याकडं बसू दे," म्हणाला. मी बसवली. थोड्या वेळाने तिला पाठीला उशी हवी होती म्हणून मी तिच्या घरी गेले.

आत बघते तर भिकाजी वत्सलाच्या खाटेवर झोपलेला. गळ्यापर्यंत चादर. तोंड एका बाजूला वाकडं केलेलं, एक डोळा मिटलेला. लॅबचा माणूस, नवीनच दिसत होता, हाताला पट्टा बांधत होता. घाईत होता, मोटरसायकल बाहेर चालूच ठेवली होती. त्याच्या चिठ्ठीवर वत्सलाच्या नावाची नुसती पहिली अक्षरं आणि आडनाव होतं. खाली बाई का पुरुष हे लिहिलेलं असेलही, पण असेल तर त्याने वाचलं नाही.

"व्ही. बी. पाटील ना?" त्याने विचारलं.

खाटेवरून आवाज आला, "ऑं."

"विठ्ठल का?"

"ऑं."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बोलणं पार गेलं का हो बाबांचं?"

मी भिकाजीकडे बघितलं. त्याने उघड्या डोळ्याने मला गप्प राहायची खूण केली. मी म्हटलं, "बोलणं नाय, अक्कल गेलीय त्याची." माणसाला वाटलं म्हातारी चिडखोर आहे. त्याने रक्त काढलं, कापूस दाबला आणि गेला.

गाडीचा आवाज लांब गेला तसा भिकाजी उठून बसला आणि तोंड सरळ करून म्हणाला, "आता कळंल."

"काय कळंल मेल्या?"

"लॅब जागी हाय का झोपलीय. माझं रक्त पास माल हाय. मला काय झालंय? चालतो, फिरतो, खातो. आता बघू हे काय सांगतात. नापास सांगितलं तर समजायचं, सगळं थोतांड. मग वच्छीला खाटेवर टाकायचं नाव कोणी काढायचं नाय."

पुढच्या रविवारी महेश आला. तोंड उतरलेलं. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून करून विचारलं होतं. त्या आधी सांगायला तयार नव्हत्या, म्हणाल्या हा अभ्यास आहे, ह्यावरून तुम्ही काही ठरवू नका. शेवटी एवढंच बोलल्या, की आकडा इतक्या दिवसांनी उतरायला हवा होता तो जास्तच दिसतोय. महेशने पुढचं ऐकलं आणि मागचं सोडलं.

"बाबा, आईचं रक्त चांगलं नाय. हात येणार नाय असं धरून चला. मी खाट बघितलीय."

भिकाजी हसायला लागला. मी त्याला इतकं हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. महेशला वाटलं, बापाला धक्का बसला. "खाट कॅन्सल कर," भिकाजी म्हणाला. "आईला कुठं न्यायची नाय." का ते सांगितलं नाही. पोरगा भांडून, न जेवता पेणला परत गेला.

मग भिकाजी माझ्याकडे आला. मी चहा टाकला. त्याने सगळं सांगितलं, आणि खूश होऊन म्हणाला, "बघितलंत? पास माल नापास केला. झोपलेत सगळे."

मी म्हटलं, "भावजी, ते रक्त तुमचं होतं."

"व्हय. म्हणून तर."

"तुमचं रक्त वाईट आलंय. वच्छीचं नाय. तुमचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी तर बरा हाय."

"टँकर पण बरा दिसतो उभा असला का."

त्याने कप खाली ठेवला. मी आधीच घोट घेतला होता तरी त्याने चहा प्यायला नाही. उठून गेला.

त्यानंतर मात्र त्याने वत्सलाचं जे केलं ते मी कोणाला करताना बघितलेलं नाही. कसरत शिकवणारा माणूस आठवड्यातून एकदा यायचा. त्याने दिलेला रबरी चेंडू भिकाजीने उलटसुलट करून बघितला आणि फडताळावर टाकला. "चेंडू दाबून काय व्हतंय? ती काय क्रिकेट खेळणार हाय?" त्याने परात आणली, तांदळाचं पीठ भिजवलं आणि तिचा उजवा हात त्यात घातला. "मळ." ती मळायची नाही, हात नुसता पडून राहायचा. मग तो आपला हात तिच्या हातावर ठेवून मळायचा. चहा, पाणी, विडा, सगळं तिच्या उजव्या बाजूला ठेवायचा. तिने डावा हात पुढे केला की वस्तू उचलून परत उजवीकडे. ती रडायची, त्याच्या अंगावर ओरडायची, शब्द नसलेलं ओरडायची. तो म्हणायचा, "शिव्या दे. पण नीट दे. पहिलं अक्षर तरी काढ."

तिचा पहिला समजेल असा शब्द "मेल्या" हा होता. आळीत सगळ्यांनी ऐकला.

संशय तेव्हाही सुटला नाही त्याचा. तिचं बोट थोडं हललं की म्हणायचा, "मुद्दाम हलवलंस का आपोआप हललं? परत हलव. एकदा हललेलं मी धरत नाय." सकाळी तिला आळीच्या टोकापर्यंत चालवायचा. स्वतः तिच्या पुढे उलटा चालायचा, तिच्या पायांवर नजर ठेवून, जसा टँकर मागे घेताना ड्रायव्हरला हात दाखवतात तसे हात करत. "येऊ दे. येऊ दे. उजवा. अजून. येऊ दे." पोरं त्याची नक्कल करायची. वत्सला पाय ओढत, दातओठ खात चालायची, पण चालायची.

पावसाळ्यानंतर डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, कोलाडकडे कुठेतरी शिबिर होतं, वाटेत आल्या. वत्सला ओटीवर उभी होती. त्या बघतच राहिल्या. कागद काढला, परत वत्सलाकडे बघितलं. "काकू तर छान चालतायत. मग हा आकडा..."

भिकाजी दारात छाती काढून उभा. त्याने सांगितलं नसतं. मी सांगितलं. सगळं, खाट, चादर, वाकडं तोंड. भिकाजी माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी गेट उघडून चोर आत घेतला.

डॉक्टरीणबाई आधी चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या. अभ्यासात खोटं रक्त गेलं होतं. मग त्यांचा चेहरा बदलला. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मग ते तुमचं आहे."

"असू दे."

"हे वयामुळे वाढतं, किडनीमुळे वाढतं, कशाकशाने वाढतं. मी घाबरवत नाही. पण बघायला हवं. कधीकधी लहान झटके येऊन जातात आणि माणसाला कळत पण नाही. पेणला या, डोक्याचा फोटो काढू." तिथेच त्यांनी पट्टा बांधून त्याचं प्रेशर बघितलं. खूप होतं.

"आता तुमच्या तोंडाकडं बघून चढलं ते," भिकाजी म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "कळलं का वयनी? एक गिऱ्हाईक बरं झालं, म्हणून आता दुसरं धरलं. चूक झाकायचीय त्यांना."

वत्सलाचं खरं रक्त आता तरी घेऊ म्हणून डॉक्टरीणबाईंनी सुई काढली. वत्सलाने हात मागे ओढला. उजवा. आणि स्पष्ट म्हणाली, "नाय."

त्यामुळे तिच्या दुसऱ्या वेळच्या रक्ताने काय सांगितलं असतं ते कोणालाच माहीत नाही. कदाचित हात येणार नाही असंच सांगितलं असतं. कदाचित नसतं. मी डॉक्टरीणबाईंच्या आकड्यावर पुरता विश्वास ठेवत नाही आणि भिकाजीच्या हिंमतीवर पण नाही. दोघंही आपापल्या मालाची तारीफ करत होते.

डॉक्टरीणबाईंनी त्याला गोळ्या लिहून दिल्या. महेशने आणल्या. भिकाजीने एक गोळी वाटीत पाण्यात टाकली आणि बोटाने ढवळली. खाली पांढरा गाळ बसला. तो त्याने मला आणून दाखवला. "खडू हाय."

मी म्हटलं, "खडू तर खडू. गिळा. पोरांनी शाळेत किती खाल्लाय, एक तरी मेलं का?"

"त्यांच्या बाजूनं बोलायला तुम्हाला काय दिलं त्यांनी, वयनी?" त्याने विचारलं. थट्टेत नाही. खरंच विचारलं.

त्या दिवसापासून तो माझ्याकडे चहाला आला नाही. अंगणातून जाताना वळून बघायचा, पण यायचा नाही. वत्सलाला घेऊन आळीत चालायचा तेव्हा मी दारात उभी असले तर त्याच्या हाताच्या खुणा जास्त जोरात व्हायच्या. मी आळीतल्या पोरांकडून दोनदा महेशला फोन लावून घेतला, बापाला उचलून ने म्हणून. महेश आला, बोलला, थकला. भिकाजी म्हणायचा, "मला काय झालंय ते दाखव. दाखव ना. कुठं दिसतंय?" दिसत काहीच नव्हतं. एकदा फक्त मला वाटलं, उलटं चालताना त्याचा पाय भलतीकडे पडला. मी ओरडले. तो म्हणाला, "दगड होता." मी जाऊन बघितलं. दगड नव्हता. तेही मी त्याला सांगितलं.

मग ती सकाळ, वत्सला माझ्या दारात एकटी आली ती. आळीतल्या माणसांनी त्याला उचलला. महेशला कळवलं, आधी इथल्या डॉक्टरांकडे नेला, तिथून पेणला. मी वत्सलाला बरोबर घेतलं, तिला मागे ठेवायला कोणी तयार होईना आणि ती राहिलीही नसती. त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी मला बघितलं आणि मान खाली घातली. ह्या वेळी नस फुटली होती, त्या म्हणाल्या, बंद झाली नव्हती. आधीच्या आकड्याचा ह्याच्याशी संबंध होता का, मी विचारलं. "सांगता येत नाही आजी," त्या म्हणाल्या. निदान खोटं बोलल्या नाहीत.

त्याला पाणी द्यायचं नव्हतं, नुसते ओठ ओले करायचे होते. नर्सने ओला कापूस पुढे केला तर भिकाजीने जेवढं तोंड त्याच्या ताब्यात होतं तेवढं घट्ट मिटलं. तिने परत केला, त्याने परत मिटलं. डोळा तिच्या हातावर. वत्सला खुर्चीतून उठली. नर्सच्या हातातून कापूस घेतला, उजव्या हातात. कापूस एकदा चादरीवर पडला, तिने तो उचलला नाही, दुसरा मागितला. "दे," म्हणाली. मग वाकून त्याच्या ओठांपाशी नेला. तो बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत होता, खरंच हलतायत का ते बघत असेल. मग त्याने तोंड उघडलं.

मी त्याला शेवटचं बघितलं ते तेव्हा. मी संध्याकाळच्या एसटीने रोह्याला परत आले.

भिकाजी पेणलाच वारला. वत्सला जिवंत आहे, रोह्याला आपल्याच घरात राहते आणि आपली भाकरी आपण थापते.